न्यायालयाच्या सहीने होणारी लूट: अमेरिकेतील वृद्धांचे पालकत्व समजून घेताना

डायन डायमंड या अमेरिकी शोधपत्रकार गुन्हेगारीच्या वार्तांकनात मुरलेल्या. मायकेल जॅक्सनवरील बाललैंगिक शोषणाच्या आरोपांची बातमी १९९३ साली ‘हार्ड कॉपी’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून लोकांसमोर आणणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. २००५ मध्ये जॅक्सनवर खटला चालून तो निर्दोष सुटला, तेव्हाही त्या कोर्ट टीव्हीसाठी वार्तांकन करत होत्या. २०१६ च्या अखेरीस याच पत्रकाराने न्यू मेक्सिको राज्यातील ‘अल्बुकर्क जर्नल’ या दैनिकात एक लेखमालिका लिहिली. तिच्यात कोणी नामांकित आरोपी नव्हता, पोलिसांचा पंचनामा नव्हता, आरोपपत्रही नव्हते. तिच्यात होती वयोवृद्ध माणसे, त्यांची हतबल झालेली मुले आणि न्यायालयाने रीतसर काढलेले आदेश. विषय होता वृद्धांच्या कायदेशीर पालकत्वाचा.

नेहमीच्या गुन्ह्याच्या बातमीत कायदा कुठे मोडला हे आधी दिसते आणि मग पैसा कुठे गेला याचा माग काढला जातो. पालकत्वाच्या प्रकरणात घराचा ताबा, बँकेची खाती, औषधोपचारांचे निर्णय हे सारे न्यायाधीशांच्या सहीनेच दुसऱ्याच्या हाती गेलेले असते. त्यामुळे गुन्हा घडला आहे, हेच पहिल्यांदा दाखवून द्यावे लागते आणि पोलिसांकडे गेलेल्या मुलाला ‘हा दिवाणी मामला आहे, न्यायालयात जा’ एवढेच उत्तर मिळते. या विषयावरील प्रकरणे वाचताना माझे मत असे होत गेले की दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. त्या वृद्धाच्या बाजूने बोलणारा वकील सुनावणीला हजर होता का? आणि पालकाने सादर केलेला हिशेब कुणी वाचला का?

आधी ही व्यवस्था काय आहे ते पाहू. स्मृतिभ्रंश, पक्षाघात किंवा अन्य आजारामुळे एखाद्या प्रौढ व्यक्तीला स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नसतील, तर अमेरिकेतील राज्य न्यायालय तिच्यासाठी पालक नेमू शकते. राजा हा असहाय प्रजाजनांचा पिता असतो, या जुन्या इंग्रजी कायद्यातील कल्पनेतून हा अधिकार आला. संघराज्याचा एक कायदा नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि शब्दही वेगळे. काही राज्यांत देहाची काळजी घेणारा तो ‘गार्डियन’ आणि मालमत्ता सांभाळणारा तो ‘कॉन्झर्व्हेटर’, तर कॅलिफोर्नियात प्रौढांच्या बाबतीत दोन्हीसाठी ‘कॉन्झर्व्हेटर’ हाच शब्द. या लेखात सोयीसाठी आपण पालक आणि पाल्य असे म्हणू. देशभरात सुमारे १३ लाख प्रौढ अशा पालकत्वाखाली असावेत आणि त्यांची किमान ५,००० कोटी डॉलरची मालमत्ता पालकांच्या ताब्यात असावी, असा अंदाज वारंवार दिला जातो. तो अंदाजच आहे, कारण नेमकी नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा नाही. एवढ्या प्रगत देशात आपल्या किती नागरिकांचे निर्णयाधिकार काढून घेतले आहेत याची नोंद नसावी, हे चमत्कारिकच म्हणायचे.

पालक बहुधा घरचाच असतो: पत्नी, मुलगी, भाऊ. कुणी नसेल, किंवा भावंडांत भांडण असेल, तर न्यायालय तिऱ्हाईत व्यावसायिक पालक नेमते. त्याचा धंदाच पालकत्वाचा असतो, त्याच्याकडे एकाच वेळी अनेक पाल्य असतात आणि त्याचे शुल्क पाल्याच्याच पैशातून दिले जाते. पालकत्व पूर्ण असेल तर पाल्याला राहण्याची जागा निवडता येत नाही, बँकेत जाता येत नाही, करारावर सही करता येत नाही, अनेक ठिकाणी लग्न करता येत नाही. वकील नेमणे हाही करारच, म्हणून ‘मला हे पालकत्व नको’ असे म्हणण्यासाठी वकील नेमण्याचीही पंचाईत होते. प्रतिनिधिगृहाचे सदस्य क्लॉड पेपर यांच्या पुढाकाराने अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने १९८७ साली या विषयावर सुनावणी घेतली, तेव्हा मृत्युदंड वगळता नागरिकाला देता येईल अशी ही सर्वांत कठोर दिवाणी शिक्षा आहे, अशा आशयाचे शब्द तिथे वापरले गेले.

इतके टोकाचे पाऊल उचलायला पुरावाही तितकाच भक्कम लागत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अनेक राज्यांत तातडीचा, तात्पुरता आदेश एका अर्जावर आणि वैद्यकीय व्यवसायातल्या कुणाच्या तरी दोन ओळींच्या चिठ्ठीवर निघत असे; ज्याच्याबद्दल अर्ज आहे त्याला कळवण्याआधीच. वृद्धांच्या बाबतीत यात मोठा धोका आहे. ऐंशीच्या घरातील माणसाला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, शरीरातील पाणी कमी झाले किंवा औषधांची मात्रा चुकली, तरी तो काही दिवस असंबद्ध बोलू शकतो, वार विसरतो, घरच्यांना ओळखत नाही. उपचाराने हे बहुतेकदा ओसरते. त्या चार दिवसांत निघालेला आदेश मात्र आपोआप ओसरत नाही. शिवाय क्षमता म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. शेअर कुठले विकावेत हे ज्याला उमगत नाही, त्याला आपण कुणाबरोबर राहावे हे अगदी स्वच्छ उमगत असू शकते.

नेवाडा राज्यातील क्लार्क काउंटीत, म्हणजे लास व्हेगसच्या परिसरात, हे कसे चाले ते एका घटनेवरून दिसते. २०१३ च्या ऑगस्टअखेरीस, लांबलचक सुटीच्या आदल्या शुक्रवारी, निवृत्तांच्या वसाहतीत राहणाऱ्या साठीतील एका जोडप्याच्या दारात एप्रिल पार्क्स नावाची व्यावसायिक पालक येऊन उभी राहिली. कौटुंबिक न्यायालयाचा आदेश आपल्याकडे आहे, तुम्हाला घर सोडून वृद्धनिवासात यावे लागेल, नाही म्हणालात तर पोलीस बोलवावे लागतील, असे तिने सांगितले. अर्ज झाला, आदेश निघाला आणि या दोघांना त्याचा पत्ताही नव्हता. पत्नी आजारपणातून उठत होती, एवढे खरे. त्यांची मुलगी घरी आली तेव्हा घर रिकामे होते आणि नंतर अडचण आल्यास पालकाशी संपर्क साधावा, अशी चिठ्ठी दारावर मिळाली. आपल्या आईवडिलांना पालक नेमला गेला आहे, हे मुलीला कळले ते असे.

पुढे काय होते ते साधारण ठरलेले असते. घर विकले जाते, सामान निकाली निघते, पैसे पालकाच्या अखत्यारीतील खात्यात जातात आणि त्यातून तासांच्या हिशेबाने शुल्काची बिले निघू लागतात. पार्क्सवरील आरोपांचा गाभा या बिलांतच होता. एकाच फेरीत अनेक पाल्यांची कामे उरकायची, पण त्या फेरीचा वेळ प्रत्येकाच्या खात्यावर स्वतंत्रपणे लावायचा. न केलेल्या कामाचे तास दाखवायचे. आणि ते शपथेवर न्यायालयात सादर करायचे. यातला एकेक आकडा किरकोळ. कोणत्याही एका फाइलीत पाहिले तर संशय यावा असे काही नाही. दहा फाइली शेजारीशेजारी ठेवल्या की मात्र एका दिवसात किती तास मावतात, हा बाळबोध प्रश्न पडतो. न्यायालयात या फाइली शेजारीशेजारी ठेवण्याचे काम कुणाचेच नव्हते. लास व्हेगसच्या केटीएनव्ही वाहिनीने हा विषय लावून धरला, ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यावर विस्तृत लेख छापला. तोवर, म्हणजे मार्च २०१७ मध्येच, पार्क्स आणि तिच्या साथीदारांवर दोनशेहून अधिक गंभीर आरोप ठेवले गेले होते. तिने गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०१९ मध्ये तिला १६ ते ४० वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशेबपत्रक ‘वाचल्याचे गृहीत धरून’ मंजूर होते, तसाच प्रकार अनेक अमेरिकी न्यायालयांत पालकांच्या वार्षिक हिशेबांबाबत चालत आला आहे. हिशेब द्यायचा, असा नियम असतो. तो आला की फाइलीला लागतो. न आला तर स्मरणपत्र जाते, तेही कधी जाते, कधी नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१० साली या विषयावर अहवाल दिला. त्यासाठी त्यांनी निकाली निघालेली २० प्रकरणे तपासली, तेव्हा पालकांनी १५८ असहाय व्यक्तींचे ५४ लाख डॉलर लाटल्याचे दिसले. त्याच अहवालातला मला जास्त बोलका वाटलेला भाग वेगळाच आहे. या कार्यालयाच्या तपासनिसांनी बनावट नावांनी इलिनॉय, नेवाडा, न्यूयॉर्क आणि नॉर्थ कॅरोलिना या चार राज्यांत व्यावसायिक पालकाच्या प्रमाणपत्रासाठी प्रयत्न केले. एक सोंग कर्जबाजारी माणसाचे होते, दुसऱ्यात मृत व्यक्तीचा सामाजिक सुरक्षा क्रमांक वापरला होता. चारही राज्यांत प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा झाला. आर्थिक पूर्वेतिहास कुणी पाहिला नाही आणि तो क्रमांक कुणाचा, हेही कुणी तपासले नाही.

पत्रकारांना हे नवे नव्हते. असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांनी १९८७ सालीच देशभरातील सुमारे २,२०० पालकत्व प्रकरणांच्या फाइली पालथ्या घातल्या होत्या. वार्षिक हिशेब गायब, वकिलाचा पत्ता नाही, पाल्य सुनावणीला हजर नाही, अशा नोंदी त्यांना ढिगाने मिळाल्या. क्लॉड पेपर यांच्या पुढाकाराने झालेली सुनावणी त्याच वर्षीची. म्हणजे पुढच्या तीस वर्षांत जे ‘उघडकीस आले’, त्यातले बरेचसे आधीच छापून आले होते.

आता न्यू मेक्सिकोकडे वळू. डायमंड यांच्या मालिकेतला एक महत्त्वाचा मुद्दा गोपनीयतेचा होता. त्या राज्यात पालकत्वाची सुनावणी बंद दाराआड होई आणि कागदपत्रे जनतेला पाहता येत नसत. हेतू चांगला होता: आजारी माणसाच्या प्रकृतीची चर्चा चव्हाट्यावर येऊ नये. पण त्याचा परिणाम असा झाला की पालक कंपनीने किती शुल्क लावले, कुणाला भेटायला मनाई केली, घर कितीला विकले, हे ना शेजाऱ्याला कळे ना वार्ताहराला. तक्रार करणारी मुले ‘संपत्तीवर डोळा असलेले नातेवाईक’ म्हणून सहज बाजूला सारली जात. त्यातली काही तशी असतीलही. बंद दारामुळे खरे-खोटे करायला वावच उरत नव्हता.

मालिका छापून वर्षही झाले नव्हते तोच जुलै २०१७ मध्ये अल्बुकर्कमधल्याच आयुदांदो गार्डियन्स या ना-नफा संस्थेवर संघराज्य तपास यंत्रणांनी कारवाई केली आणि यू.एस. मार्शल्सनी, म्हणजे संघराज्य न्यायालयांचे आदेश अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्यांनी, संस्थेचा कारभार ताब्यात घेतला. अपंग, वृद्ध, माजी सैनिक अशांचे सरकारी भत्ते आणि ठेवी ही संस्था सांभाळत असे. सर्वांचे पैसे एकत्र करून त्यातून मालकांच्या क्रेडिट कार्डांची बिले भरली जात होती. आलिशान पर्यटन आणि बास्केटबॉल सामन्यांचे खास कक्ष यांवर तो पैसा उडाला. लाटलेली रक्कम एक कोटी डॉलरच्या वर गेली. संस्थेची अध्यक्ष सुसान हॅरिस हिने २०१९ मध्ये गुन्हा कबूल केला. मार्च २०२० मध्ये शिक्षा सुनावली जायची होती, त्या तारखेला ती नवऱ्यासह परागंदा झाली आणि पुढच्या महिन्यात ओक्लाहोमा राज्यातील शॉनी गावात पकडली गेली. २०२१ मध्ये तिला ४७ वर्षांची शिक्षा झाली. कुंपणानेच शेत खाल्ले, ही आपली म्हण इथे अक्षरशः लागू पडते, कारण या संस्थेची नेमणूकच पाल्यांना लुटारूंपासून वाचवण्यासाठी होती.

अशा प्रकरणांवर काम करणारा पत्रकार नेमके करतो काय? ते दिसायला फार रुक्ष असते. अर्जाची तारीख, डॉक्टरांच्या चिठ्ठीची तारीख आणि आदेशाची तारीख शेजारी मांडायची. घराची विक्री किंमत त्या भागातील बाजारभावाशी ताडून पाहायची आणि घेणारा कोण हे नोंदणी कार्यालयातून काढायचे. एकाच पालकाची, एकाच वकिलाची आणि एकाच वृद्धनिवासाची नावे किती प्रकरणांत एकत्र येतात ते मोजायचे. बिलांतील तासांची बेरीज करायची. आणि त्याच वेळी नातेवाइकांच्या बाजूवरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही, कारण सज्जन पालकाविरुद्ध कांगावा करणारा पुत्र हाही या विषयातला नेहमीचा नमुना आहे.

हे विसरू नये म्हणून ब्रूक ॲस्टर यांचे प्रकरण आठवावे. न्यूयॉर्कमधील या अतिश्रीमंत दानशूर बाईंची शंभरी उलटल्यावर आबाळ होत आहे, त्यांची देखभाल करणारा मुलगा अँथनी मार्शल पैसे स्वतःकडे वळवत आहे, अशी तक्रार खुद्द नातवाने २००६ मध्ये न्यायालयात केली आणि दुसरा पालक नेमण्याची मागणी केली. बँकर डेव्हिड रॉकफेलर आणि माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्यासारख्या मंडळींनी नातवाला पाठिंबा दिला. न्यायालयाने बाईंसाठी नेमलेल्या स्वतंत्र वकिलांनी मृत्युपत्राच्या एका पुरवणीवरील सहीवर शंका घेऊन हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत मागवले आणि तिथून दिवाणी प्रकरण फौजदारीकडे वळले. २००९ मध्ये मार्शल दोषी ठरला. या प्रकरणात पालकत्वानेच वृद्धेला आधार दिला आणि लूट घरातून होत होती.

ब्रिटनी स्पीअर्सचे प्रकरण वृद्धांचे नव्हे. २००८ मध्ये पालकत्व लादले गेले तेव्हा ती २६ वर्षांची होती आणि ते नोव्हेंबर २०२१ मध्ये संपले. तरी कायदा तोच, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथे फार ठळकपणे मिळते. तेरा वर्षांच्या त्या काळात ती गाण्याचे कार्यक्रम करून लक्षावधी डॉलर कमावत होती, तिच्या विरोधातील वकिलांचे शुल्कही तिच्याच पैशातून जात होते, पण स्वतःच्या पसंतीचा वकील तिला मिळाला तो जुलै २०२१ मध्ये. त्यानंतर चार महिन्यांत सारे संपले. जगभर नाव असलेल्या गायिकेला इतका वेळ लागला, तिथे अल्बुकर्कच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेची काय कथा! स्पीअर्सच्या बातम्यांमुळे लोकांना हा विषय कळला हे मान्य करूनही, मला अशा गाजलेल्या प्रकरणांचा एक तोटा दिसतो. एक दुष्ट बाप किंवा एक लोभी मुलगा समोर उभा राहिला की वाचकाचे समाधान होते, आणि फाइली न वाचणारे न्यायालय चित्रात येतच नाही.

पैशाखेरीजही काही हातचे जाऊ शकते. फ्लोरिडातील ऑर्लँडोच्या एका व्यावसायिक पालकाने, जिच्याकडे शेकडो पाल्य होते, पाल्यांच्या इच्छेविरुद्ध ‘हृदय थांबल्यास पुनरुज्जीवन करू नये’ असे आदेश दिल्याचे २०१९ मध्ये एका मृत्यूनंतर बाहेर आले. त्यानंतर तिथे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाने असा आदेश देण्यास कायद्याने बंदी आली.

सुधारणा झाल्या, आणि त्या बहुतेक ठिकाणी आपल्या दोन प्रश्नांभोवतीच झाल्या. नेवाडाने २०१७ मध्ये पालकत्वाचा अर्ज झालेल्या प्रत्येक प्रौढाला वकील मिळण्याची तरतूद केली आणि पाल्यांच्या हक्कांची सनद कायद्यात घातली. न्यू मेक्सिकोत २०१८ च्या कायद्याने सुनावण्या खुल्या झाल्या, नातेवाइकांना सूचना देणे बंधनकारक झाले. मिनेसोटात मालमत्ता सांभाळणाऱ्यांना हिशेब ऑनलाइन द्यावे लागतात आणि ते तपासायला न्यायव्यवस्थेचे स्वतःचे लेखापरीक्षक आहेत. टेक्सासने २०१५ मध्ये वेगळी वाट काढली: अधिकार काढून न घेता, निर्णय घेताना मदत करणारी विश्वासाची व्यक्ती नेमण्याचा करार कायदेशीर केला. सौम्य अडचण असलेल्यांसाठी हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

अमेरिकेत मुलांकडे कायमचे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांच्या दृष्टीने यात व्यवहाराची एक गोष्ट आहे. तिकडे ‘ड्युरेबल पॉवर ऑफ अटर्नी’ आणि वैद्यकीय निर्णयांसाठीचे मुखत्यारपत्र माणूस शुद्धीत असताना करून ठेवता येते, आणि ते माणसाची क्षमता गेल्यावरही चालू राहते. ते असेल तर बहुतेक वेळा पालकत्वाची पाळीच येत नाही; आली तरी पालक कोण असावा हे त्यातच लिहिता येते. मात्र ते त्या राज्याच्या नमुन्यात, तिथल्या साक्षीदारांसमोर केलेले असावे. पुण्यात करून नेलेल्या कुलमुखत्यारपत्रावर तिथली बँक विसंबेलच असे नाही.

इकडची स्थिती उलटी आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्रही संपते, म्हणजे ज्या वेळी गरज त्याच वेळी ते निरुपयोगी. १८९० चा पालक व पाल्य कायदा फक्त अज्ञानांसाठी, म्हणजे अल्पवयीनांसाठी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांच्या निर्णयासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, पण मालमत्तेबद्दल तो कायदा काही सांगत नाही. त्यामुळे कोमात गेलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे कुटुंब उच्च न्यायालयात धाव घेते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोमातील पतीची पालक म्हणून पत्नीला मान्यता दिली, तेव्हा अशा व्यक्तींसाठी नेमका कायदा नसल्याची नोंद केली. त्याच आदेशात पत्नी पालक म्हणून कसे काम करते यावर महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाने देखरेख ठेवावी आणि वेळोवेळी अहवाल द्यावा, असेही न्यायालयाने सांगितले.